यादीकार, तुमच्या संघात पकड कोण करणार?

नाशिक

यादीकार महोदय,

‘सर्वकाळचे दहा श्रेष्ठ कबड्डीपटू’ ही तुमची यादी इथल्या एका स्पर्धेच्या प्रवेशद्वाराशी फ्लेक्सवर लागली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांनी तिच्यासमोर उभं राहून फोटो काढले. तुमचं नाव मी लिहीत नाही. अशा याद्या करणारे तुम्ही एकटे नाही. दर हंगामात कुणीतरी उठतो, तीच नावं खालीवर करतो आणि वर ‘सर्वकाळचे’ असा शिक्का मारतो. पण ही यादी नाशिकमध्ये लागली, म्हणून जाबही नाशिकमधूनच विचारतो.

दहा नावं. दहाही चढाईपटू. दहाही पुरुष. दहाही २०१४ नंतर टीव्हीवर दिसलेले.

कबड्डीत एका बाजूला सात जण उभे असतात, एवढं तरी तुम्हाला माहीत असेल. मग तुमचे पहिले सात उतरवा मैदानात. डाव्या कोपऱ्यात कोण उभं राहणार? उजव्या कोपऱ्यात? कव्हरमधून धडक कोण मारणार? समोरचा चढाईपटू आला, त्यानं पाय लांबवून बोनस घेतला, परत गेला. पुन्हा आला, पुन्हा घेतला. तुमचे सात महारथी काय करणार, आपल्या चढाईची पाळी येईपर्यंत उभे राहून बघणार? तुम्ही निवडलेल्या श्रेष्ठांना मिळून एक साधा सामना वाचवता येणार नाही, आणि हे तुम्हाला यादी छापायला देताना एकदाही जाणवलं नाही.

तुम्ही ही यादी कशी केलीत तेही उघड दिसतं. गुणांचा तक्ता काढला, वरून खाली दहा नावं उतरवली, झालं काम. खेळ पाहण्याची गरजच पडली नाही. म्हणून आधी तो तक्ता कसा भरतो ते सांगतो.

चढाईपटू तीस सेकंदांसाठी पलीकडे जातो. तीन जणांना हात लावून परतला, तर तीन गुण, आणि तिन्ही त्याच्या एकट्याच्या नावावर. आता पकड बघा. बोनससाठी उचललेल्या पायावर डावा कोपरा झेपावतो, घोटा धरतो. चढाईपटू मध्यरेषेकडे स्वतःला फेकतो. त्याच क्षणी कव्हर कमरेवर येतो, दुसरा खांद्यावर, तिसरा हाताची बोटं रेषेला लागू नयेत म्हणून मधे पडतो. चार जणांनी जीव काढून केलेल्या या कामाला गुण मिळतो एक. समोर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरलेले असताना पकड झाली, तर दोन. आणि तक्त्यात तो चौघांपैकी एकाच्याच नावावर जातो. उरलेल्या तिघांच्या रकान्यात त्या पकडीचा गुण नाही. ज्याच्या रकान्यात गुण नाही तो तुमच्या दृष्टीनं खेळलाच नाही.

प्रो कबड्डीवाल्यांनाही हा फरक कळतो. चढाईपटूनं एका सामन्यात दहा गुण घेतले की ‘सुपर टेन’. बचावपटूनं पाच घेतले की ‘हाय फाइव्ह’. दहाला पाच, हे माप स्पर्धेनंच ठरवलेलं आहे. तुम्ही त्याच स्पर्धेचे आकडे घेतलेत आणि तिचं माप फेकून दिलंत. प्रदीप नरवालचे चढाईचे गुण १८००हून अधिक, इराणच्या फझल अत्राचलीचे पकडीचे ५००हून अधिक. तुम्ही दोन आकडे शेजारी ठेवलेत आणि मोठा तो श्रेष्ठ म्हणून मोकळे झालात. प्रदीपबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. त्याची डुबकी, त्यानं २०१७ साली एकाच चढाईत घेतलेले आठ गुण, हे सगळं मी डोळे भरून पाहिलं आहे. पण पकडीच्या गुणांत फझल सगळ्यांच्या पुढे आहे. तो ज्या कोपऱ्यात उभा राहिला, तिथे चढाई कशी करायची हे एका पिढीला नव्यानं शिकावं लागलं. २०२५मध्ये दिल्लीच्या संघानं अंतिम सामन्यात आपल्या पुणेरी पलटणला हरवलं, त्या दिल्लीच्या संघातही तो होता. तुमच्या दहात त्याला जागा नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या तक्त्यात कधीच येणार नाही. चांगल्या कोपरारक्षकाच्या बाजूला चढाईपटू जातच नाही. निदान रेषा ओलांडतो, त्याच्याकडे एक नजर टाकतो, आणि दुसऱ्या बाजूला वळतो. तीस सेकंद संपायच्या आत परततो, चढाई रिकामी जाते. अशा दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत त्याला गुण घ्यावाच लागतो, नाही तर बाद. मग तो घाईनं आत शिरतो आणि पलीकडचा कुणीतरी त्याला पकडतो. गुण त्या पलीकडच्याच्या नावावर. ज्याच्या धाकानं ही सगळी वेळ आली, त्याच्या नावावर शून्य. मी स्वतः मंडळाकडून डाव्या कोपऱ्यात खेळलो आहे, सामान्य खेळाडू होतो. पण या शून्याची किंमत प्रत्येक संघनायकाला ठाऊक असते. तुम्ही एकाही संघनायकाला विचारलं नाहीत.

तुमचे समर्थक मला म्हणाले, जगभर याद्या अशाच होतात. ठीक आहे, जगभरचंच बघू. अमेरिकेत जो फुटबॉल खेळतात, हेल्मेट आणि खांद्यावर चिलखत घालून, तो आपल्या कबड्डीचा लांबचा नातलग शोभेल असा अंगाला अंग भिडवणारा खेळ आहे. तिथे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचं कौतुक होतं, आणि खेळाडूंच्या क्रमवारीवरून तिथले लोक वर्षभर भांडतात. पत्रकारांच्या मतांवर ठरणारा हंगामातल्या सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान २०१३ ते २०२४ या प्रत्येक हंगामात क्वार्टरबॅकलाच मिळाला. बचावातल्या फक्त दोघांना तो आजवर मिळाला, १९७१ला ॲलन पेज आणि १९८६ला लॉरेन्स टेलर. १९८२ला तर तो चेंडूला लाथ मारून गुण घेणाऱ्या मार्क मोझलीला मिळाला. पण क्वार्टरबॅकसमोर भिंत होऊन उभे राहणारे जे पाच धिप्पाड गडी असतात, ज्यांनी वाट अडवली नाही तर तो दोन सेकंदही उभा राहू शकत नाही, त्यांच्यापैकी एकालाही तो मान कधी मिळालेला नाही. त्यांच्या कामाला आकडा नाही.

म्हणजे तुमचा रोग तिथेही आहे. पण तिथल्या लोकांनी त्यावर उपाय केला. २०१०मध्ये त्यांच्या व्यावसायिक लीगच्या वाहिनीनं सर्वकाळच्या शंभर जणांची क्रमवारी लावली. पहिला जेरी राइस, चेंडू झेलणारा. तिसरा लॉरेन्स टेलर, बचावपटू. पहिल्या दहात रेजी व्हाइट आणि डिक बटकस हे आणखी दोन बचावपटू. दूरचित्रवाणीवर गंमत म्हणून केलेल्या क्रमवारीत त्यांना दहात तीन बचावपटू दिसले, तुम्हाला एकही दिसला नाही! पुढे २०१९मध्ये लीगचं शंभरावं वर्ष आलं तेव्हा सव्वीस जाणकारांना बसवलं आणि शंभर खेळाडू निवडले. त्या वेळी त्यांनी एक-दोन-तीन असे क्रमांक लावलेच नाहीत. जागेप्रमाणे निवड केली. क्वार्टरबॅक दहा, भिंतीतले अठरा, त्यांत अँथनी मुन्योझ हा सिनसिनाटीचा डाव्या बाजूचा गडीही आला, ज्याच्या नावावर दाखवण्यासारखा आकडाच नाही. ज्यांनी त्याला खेळताना पाहिलं, ज्यांना त्याच्यासमोर उभं राहावं लागलं, त्यांचा शब्द प्रमाण मानला. तुम्हाला हे करायला कुणी अडवलं होतं?

मोजदाद सुरू होण्याआधीचे लोकही त्यांनी सोडले नाहीत. डीकन जोन्स हा लॉस एंजेलिसचा बचावपटू १९६१ ते १९७४ खेळला. क्वार्टरबॅकला चेंडूसकट मागेच लोळवणं हे त्याचं खास काम. या कामाची अधिकृत मोजणी सुरू झाली १९८२ला, तो निवृत्त झाल्यावर आठ वर्षांनी. अधिकृत तक्त्यात तो शून्य. पण अभ्यासकांनी जुन्या चित्रफिती आणि सामन्यांचे कागद उपसून त्याचा हिशेब लावला, तो १७३.५ निघाला, आणि शतकी संघात तो सन्मानानं बसला.

आपल्याकडे असं कुणी बसलं आहे का? तुमच्या यादीचं ‘सर्वकाळ’ सुरू होतं २६ जुलै २०१४ला, प्रो कबड्डीच्या पहिल्या दिवशी. त्याआधी हा खेळ कुठे होता? १९३६ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलं. बुवा साळवींनी आयुष्यभर संघटना बांधली, म्हणून त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९७२ला सदानंद शेट्येंना अर्जुन पुरस्कार मिळाला, कबड्डीतला पहिला. १९८२ला दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत खेळाचं प्रदर्शन झालं, १९९०ला बीजिंगमध्ये पदक आलं, आणि पहिलंच सुवर्ण भारतानं आणलं. त्या संघातल्या अशोक शिंदेंनी पुढे पुणेरी पलटणला प्रशिक्षण दिलं. टीव्हीवर त्यांना संघाच्या बाकावर बसलेलं तुम्ही पाहिलं असेल. हा माणूस खेळायचा, हे बहुधा तुम्हाला कुणी सांगितलं नाही. मातीवर, उघड्या मैदानात, दोरीच्या पलीकडे हजारो माणसं दाटून बसलेली असताना जे खेळले, त्यांच्या चढाया आणि पकडी कुणी मोजून ठेवल्या नाहीत. ती मोजणाऱ्यांची चूक होती. शिक्षा मात्र तुम्ही खेळाडूंना दिलीत.

आणि बायका. हे लिहिताना माझा राग आवरत नाही. शकुंतला खटावकर हे नाव तुम्ही ऐकलं आहे का? पुण्याच्या, कबड्डीतल्या अर्जुन पुरस्कारविजेत्या. अभिलाषा म्हात्रे? २०१२ला पाटण्यात महिलांचा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या, अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के. राज्य सरकारनं तिघींना प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. अभिलाषा पुढे २०१४च्या आशियाई सुवर्णविजेत्या संघातही होती, २०१५चा अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला. तुम्ही म्हणाल, त्यांचे आकडे नाहीत. नसणारच. पुरुषांच्या लीगनं २०१६ला चवीपुरती तीन संघांची महिला स्पर्धा घेतली, स्टॉर्म क्वीन्सनं अंतिम सामना अवघ्या एका गुणानं जिंकला, इतकी ती चुरशीची झाली, आणि पुढच्या हंगामात ती गुंडाळून ठेवली. आधी मुलींना खेळायला मंच द्यायचा नाही, मग त्यांचे गुण कमी म्हणून यादीतून वगळायचं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसानं केल्या नाहीत, हे मला मान्य आहे. दुसरी तुम्ही केलीत.

आता ऑगस्ट २०१८चे ते दोन दिवस आठवा, जकार्ताचे. तुमच्या यादीचा निकाल तिथेच लागला होता. १९९०पासून सलग सात आशियाई सुवर्णपदकं घेतलेला भारताचा पुरुष संघ उपांत्य सामन्यात इराणसमोर आला. संघात अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी, म्हणजे तुमच्या फ्लेक्सवरचे चेहरे. भारताचे गुण झाले १८. इराणचे २७. जगातले सर्वांत जास्त गुण घेणारे चढाईपटू अठरावर अडकले, कारण समोरच्या बचावानं त्यांना आत येऊ दिलं आणि परत जाऊ दिलं नाही. त्या बचावात फझल होता. इतका स्वच्छ धडा मिळूनही तुम्ही काही वर्षांनी चढाईपटूंचीच यादी घेऊन येता!

दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, महिलांचा अंतिम सामना होता. पुन्हा भारत आणि इराण. इराणनं तो २७-२४ असा जिंकला. इराणच्या त्या मुलींना घडवणाऱ्या प्रशिक्षक होत्या शैलजा जैन. आमच्या नाशिकच्या. याच शहरात त्यांनी वर्षानुवर्षं मुलींना कबड्डी शिकवली, राज्याला आणि देशाला खेळाडू दिल्या. भारतीय संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली नाही. इराणनं बोलावलं, त्या गेल्या. परका देश, परकी भाषा. त्या फारसी शिकल्या. शाकाहारी बाई, तिथल्या जेवणातून वाट काढत राहिल्या. मुलींच्या सरावात त्यांनी योगासनं आणि प्राणायाम आणला, दम टिकवण्यासाठी. आणि जगातल्या सर्वांत बलाढ्य संघाला, स्वतःच्या देशाच्या संघाला, त्यांनी अंतिम सामन्यात हरवलं. आम्हाला त्या दिवशी भारत हरल्याचं वाईट वाटलं, आणि आमच्या बाईंनी करून दाखवल्याचा अभिमानही वाटला. दोन्ही भावना खऱ्या होत्या.

शैलजाताई प्रशिक्षक, तुमची यादी खेळाडूंची. त्यांचं नाव तिच्यात यावं असं मी म्हणत नाही. पण ज्या शहरातून हा खेळ समजणारी अशी बाई निघाली, त्या शहरात तुम्ही यादी लावलीत आणि त्या शहरातल्या एकाही जाणत्या माणसाचं किंवा बाईचं मत घेतलं नाहीत. त्यांना विचारलं असतं तर पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी तुमची यादी तुमच्या हातात परत दिली असती.

नाशिककरांना खूश करायला तुम्ही एक काम मात्र न चुकता केलंत. दहाव्या क्रमांकावर आकाश शिंदेचं नाव घातलंत. आडगावचा आमचा पोरगा, पुणेरी पलटणकडून खेळलेला, २०२३ला हांगझोऊच्या आशियाई सुवर्णविजेत्या भारतीय संघात असलेला. त्या अंतिम सामन्यात भारतानं इराणला ३३-२९ असं हरवलं, वादावादीत सामना मधेच बराच वेळ थांबला होता, आणि नाशिकमध्ये लोक टीव्हीसमोरून हलले नव्हते. आकाश आम्हाला फार प्रिय आहे. म्हणूनच तुमचा राग येतो. तो तरुण आहे, त्याची कारकीर्द अजून घडते आहे. त्याला सर्वकाळच्या दहात बसवून तुम्ही त्याच्या मानेवर एक ओझं ठेवलंत, केवळ प्रवेशद्वाराशी टाळ्या पडाव्यात म्हणून. उद्या हीच यादी सांगलीत लागली तर दहावा सांगलीचा असेल, कोल्हापुरात लागली तर कोल्हापूरचा. खेळाडूचा मान त्याच्या गावचं मतदान बघून ठरवायचा नसतो, आणि आकाशला असल्या उसन्या जागेची गरजही नाही.

तुमच्या यादीनं नुकसान होतं, आणि ते मी रोज बघतो. संध्याकाळी सरावाला येणारी दहा-बारा वर्षांची मुलं हल्ली सगळीच्या सगळी चढाई मागतात. कोपऱ्यात उभं राहायला सांगितलं की तोंड पाडतात. ‘तिथे नाव होत नाही,’ असं एका पोरानं मला सरळ सांगितलं. घोटा कसा धरायचा, हाताची कैची कुठे अडकवायची, चढाईपटूचा कुठला पाय आधाराचा आहे हे नजरेनं कसं ओळखायचं, गुडघा न दुखावता झेप कशी घ्यायची, हे शिकायला वर्षं लागतात आणि शिकवणारे जुने गडी आता थकत चालले आहेत. पुणेरी पलटणनं १ मार्च २०२४ला पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली, हरियाणाला २८-२५ हरवून, तेव्हा कर्णधार अस्लम इनामदार, आपल्या नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरचा, घराघरात पोचला. पोचायलाच हवा होता. पण त्याच हंगामात त्याच संघाच्या मोहम्मदरेझा शादलूनं पकडीचे ९९ गुण घेतले, तो स्पर्धेतला सर्वोत्तम बचावपटू ठरला. आमच्या पोरांना अस्लमचं नाव पाठ आहे. शादलूचं विचारलं तर एकमेकांकडे बघतात.

तेव्हा यादीकार महोदय, तो फ्लेक्स उतरवा आणि पुन्हा बसा. क्रमांक लावू नका. जागा धरा: डावा कोपरा, उजवा कोपरा, दोन्ही कव्हर, चढाईपटू, अष्टपैलू. पुरुषांची निवड करा, महिलांची करा, तितक्याच मोठ्या अक्षरांत छापा. २०१४च्या आधीच्यांसाठी जुन्या पंचांकडे जा, प्रशिक्षकांकडे जा, ज्यांनी त्यांच्याविरुद्ध चढाई केली त्यांच्याकडे जा. यातले बरेच जण ऐंशीच्या घरात आहेत, तेव्हा उद्यावर टाकू नका. त्यांनी सांगितलेलं तारखेसकट लिहून ठेवा, यादी नाही झाली तरी ते कामाला येईल.

सुरुवात मी करून देतो. पुरुषांच्या डाव्या कोपऱ्यासाठी माझं मत फझल अत्राचलीला. त्याच्या मागोमाग सुरेंदर नाडा, घोट्याच्या पकडीसाठी. महाराष्ट्रातून कल्याणचा गिरीश इर्नाक, जो त्या जकार्ताच्या संघातही होता. उजव्या कोपऱ्यासाठी तुमची तीन नावं मला कळवा. प्रत्येक नावापुढे त्याची एक पकड लिहा, कुठल्या सामन्यातली, कुणाला केलेली, तुम्ही स्वतः पाहिलेली.

डाव्या कोपऱ्यात खेळलेला एक नाशिककर